इमारत नाही, पगारी माणूस नाही, तरी शिडाच्या बोटींचा क्लब चालतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात तुम्ही दहा-बाराजण आहात, शिडाच्या तीन जुन्या बोटी हाती आल्या आहेत आणि क्लब काढायचा विचार आहे. जागा नाही, नोकर ठेवायला पैसे नाहीत. असे क्लब परदेशात शंभर-शंभर वर्षं चालतात ते कसे, आणि आपल्याकडे ते जमेल का?

मी गेली बावीस वर्षं आयर्लंडमध्ये, डब्लिन बेच्या काठी राहतो. इथल्या शर्यतींत आधी दुसऱ्यांच्या बोटींवर हाताखालचा गडी म्हणून बसलो, मग स्वतःची छोटी बोट घेतली आणि गेली बारा-तेरा वर्षं रेस ऑफिसरचं, म्हणजे शर्यत सोडायचं काम करतो आहे. पैसे न घेता, इथले सगळे करतात तसंच. त्यामुळे मला जे नीट माहीत आहे त्याच क्लबांच्या आधाराने सांगतो.

आधी जागेचं. डब्लिन बे सेलिंग क्लब १८८४ साली सुरू झाला. आजही त्याची स्वतःची क्लबाची इमारत नाही. डन लेअरी बंदराच्या काठावर रॉयल आयरिश (१८३१), रॉयल सेंट जॉर्ज (१८३८), नॅशनल (१८७०) असे जुने यॉट क्लब आपापल्या देखण्या इमारतींत आहेत. खाणंपिणं, कपडे बदलणं, बोट ठेवणं तिथे होतं. पण उन्हाळ्यात मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी या सगळ्या क्लबांच्या बोटी ज्या शर्यतींत उतरतात, त्या भरवतो हा बिनइमारतीचा क्लब. त्याची मालमत्ता म्हणजे ज्यांना वळसा घालून शर्यत होते त्या पाण्यावरच्या तरंगत्या खुणा, झेंडे, वेळापत्रक आणि शर्यत सोडायच्या बोटी. त्यांतल्या एकीचं नाव मॅक लिर आहे, आयरिश लोकांच्या समुद्रदेवावरून ठेवलेलं. पूर्वी तर पश्चिमेच्या धक्क्यावरच्या एका लाकडी खोपटातून शर्यत सुटायची.

हे अशासाठी सांगतो की क्लब काढायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा जागेची होते. जागा कोण देईल, शेड कोण बांधेल, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. शेडवाचून तुमचं काही अडणार नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला शर्यत सुटली नाही, तर मात्र सगळंच अडेल. माझ्या मते अशा क्लबाचा जीव तेवढाच: वेळेवर सुटणारी शर्यत, आणि ती सोडायची पाळी प्रत्येकावर येणं.

पाळी हा शब्द मुद्दाम वापरतो. कोकणात देवळाच्या पूजेची पाळी घराघरांत फिरते, ते तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात. त्या दिवशी त्या घराने नैवेद्य करायचा, दिवा लावायचा. बाकीच्यांनी त्यात नाक खुपसायचं नाही. स्वयंसेवकांचा क्लब नेमका असाच चालतो. हंगाम सुरू होण्याआधी तक्ता लागतो. अमुक तारखेला अमुक दोघं रेस्क्यू बोटीवर, अमुक तिघं शर्यत सोडायला. बोट कितीही महागडी असो, पाळी चुकत नाही. ज्याला त्या दिवशी जमणार नाही त्याने स्वतः बदली माणूस शोधायचा. सेक्रेटरीला फोन करून 'मला जमत नाही' एवढं सांगून सुटायचं नाही. हा शेवटचा नियम लहान दिसतो, पण हा नसेल तर दोन महिन्यांत सगळा भार एकट्या सेक्रेटरीवर येतो.

तसं झालेलं मी जवळून पाहिलं आहे. मी आधी ज्या छोट्या क्लबात होतो, तिथे एक अत्यंत कष्टाळू गृहस्थ होते. खुणा टाकणं, इंजिनांची देखभाल, निकाल काढणं, विम्याचे कागद, मुलांचे वर्ग, सगळं तेच बघत. आम्ही कौतुक करत राहिलो. एका हिवाळ्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि वसंतात आमच्या लक्षात आलं की कुठल्या खुणेचा नांगर कुठल्या साखळीला लावायचा, हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. विम्याची तारीख उलटून गेली होती. त्या वर्षी जूनपर्यंत एकही शर्यत झाली नाही आणि निम्मे लोक दुसरीकडे गेले. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता. तेव्हापासून मी कुठल्याही क्लबात दोन गोष्टींचा आग्रह धरतो. प्रत्येक कामाला दोन माणसं, एक करणारा आणि एक शिकणारा. आणि कुठल्याही पदावर तीन वर्षांच्या वर कोणी नाही, कितीही चांगला असला तरी. चांगला माणूस खुर्चीतून उठला की नव्याला त्याच्याकडे विचारायला जाता येतं.

आता बोटींकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात बोटींचा उल्लेख ओझरता आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या तीन बोटी एकाच जातीच्या आहेत का?

इथे इतिहास उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात शर्यतीच्या बोटींचं असं होतं की ज्याच्याकडे पैसा तो दरवर्षी नवी, अधिक वेगवान बोट बांधून घ्यायचा आणि कालची बोट भंगारात जायची. हात कोणाचा चांगला, हे कळायचंच नाही. १८८६ साली थॉमस मिडलटन नावाच्या इथल्या एका गृहस्थाने कल्पना मांडली की सगळ्यांनी एकाच आराखड्याच्या, स्वस्तातल्या, उघड्या लहान बोटी बांधाव्यात आणि त्यांतच शर्यत करावी. १८८७ मध्ये त्या पाण्यात उतरल्या. तेरा फुटी, दोन्हीकडे निमुळत्या. नाव ठेवलं वॉटर वॅग. एकाच आराखड्याच्या बोटींचा वर्ग ही आज जगभर रुजलेली पद्धत सुरू झाली ती इथून. १९०० साली आराखडा बदलला आणि बोट सव्वाचौदा फुटांची झाली. तो आराखडा मेमी डॉयल या तरुणीचा होता. तिचे वडील इथे बोटी बांधत. त्या आराखड्याच्या बोटी आजही उन्हाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी डन लेअरी बंदराच्या आत शर्यत करतात. काही बोटी शंभरीपार आहेत आणि काही अलीकडे बांधलेल्या. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या कॅथी मॅकअलीव्ही यांनी स्वतःच्या हाताने वॉटर वॅग बांधल्या आहेत. त्यांची मुलगी ॲनालीस मर्फी हिने २०१६ मध्ये रिओला रौप्यपदक मिळवलं.

खाडीच्या उत्तर टोकाला होथ गाव आहे. तिथे वॉल्टर बॉइड यांनी आखलेल्या होथ सेव्हन्टीन बोटी १८९८ पासून शर्यतीत आहेत. २०१८ च्या मार्चमधल्या वादळात त्यांतल्या काहींचं फार मोठं नुकसान झालं. मोडलेल्या बोटी पुन्हा उभ्या राहिल्या, कारण प्रत्येक फळीचं माप ठरलेलं होतं आणि ती जपायला तयार असलेली माणसं होती.

एकाच जातीच्या बोटींचा व्यवस्थापनाशी संबंध काय? फार आहे. तीन तऱ्हांच्या तीन बोटी असल्या की निकालासाठी हँडिकॅप लागतं, म्हणजे प्रत्येक बोटीच्या वेळेला एका आकड्याने गुणायचं. ते आकडे ठरवणारा माणूस लागतो आणि त्याच्याशी वाद घालणारी दहा माणसं आपोआप तयार होतात. एकाच जातीच्या बोटींत जो आधी पोचला तो जिंकला. समुद्रावरच निकाल लागतो, शिडाचा किंवा सुकाणूचा सुटा भाग एकमेकांना उसना देता येतो आणि बोट विकायची वेळ आली तर किंमत येते. तुमच्या तीनपैकी दोन एका जातीच्या असतील तर तिसरी विका आणि त्याच जातीची घ्या. भारतात एंटरप्राइज, ऑप्टिमिस्ट, लेझर या जाती क्लबांत आणि सैन्यदलांकडे रुळलेल्या आहेत. सुटे भाग आणि शिकवणारी माणसं मिळतात. आपल्या पाण्यातही हे झालेलं आहे: १९८२ च्या एशियाडमधली शिडाच्या बोटींची शर्यत मुंबईत झाली आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक जिंकलं. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ पासून आहे. पण गावाच्या काठावर, गावातल्या माणसांनी चालवलेला क्लब ही वेगळी गोष्ट आहे आणि ती तुम्ही करणार आहात याचा मला मनापासून आनंद आहे.

शर्यत सोडणं म्हणजे नेमकं काय, ते एका गुरुवारचं सांगतो, म्हणजे किती माणसं लागतात ते कळेल. आम्ही पाचजण होतो. एक मी, एक घड्याळ बघणारी, एक झेंड्यांवर, एक वहीत लिहिणारा आणि एक शिट्टीवर. वाऱ्याची दिशा दर पाच मिनिटांनी वहीत. सुरुवातीची रेषा म्हणजे आमच्या बोटीची काठी आणि पलीकडची तरंगती खूण यांच्यामधली काल्पनिक रेघ. ती वाऱ्याला काटकोनात हवी. लांबी ठरवायचा माझा हिशेब साधा आहे: सगळ्या बोटी एकामागे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल त्याच्या सव्वापट. सव्वाचौदा फुटी वीस बोटी असतील तर सुमारे ११० मीटर.

पाच मिनिटं उरली की वर्गाचा, म्हणजे त्या जातीच्या बोटींचा झेंडा वर, एक आवाज. चार मिनिटांना तयारीचा झेंडा, निळा, मध्ये पांढरा चौकोन. एक मिनिट उरलं की तो खाली, लांब आवाज. शून्याला वर्गाचा झेंडा खाली आणि शर्यत सुटली. त्या दिवशी तीन मिनिटं उरलेली असताना वारा वीस अंश फिरला. रेषेच्या उजव्या टोकाला, आमच्या बोटीकडे, सगळी गर्दी जमायला लागली, शिडं एकमेकांना घासायच्या बेतात. झेंड्यांवर नवीन मुलगा होता, कॉलेजातला. मी 'तहकूब' म्हणालो, त्याने क्षणाचाही विलंब न लावता लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा चढवला, दोन आवाज झाले. आम्ही नांगराची दोरी थोडी सोडली, पलीकडची खूण रेस्क्यू बोटीने तीस मीटर वर, वाऱ्याच्या बाजूला ओढली. झेंडा उतरवला, एक आवाज, आणि बरोब्बर एका मिनिटाने पुन्हा पहिल्यापासून मोजणी. सगळं मिळून नऊ मिनिटं गेली. शिट्टी ऐकू आली नाही अशी तक्रार नंतर एकाने केली. पण नियम स्पष्ट आहे, वेळ झेंड्यावरून धरायची, आवाजावरून नाही. वारा समोरून असला की शिट्टी पन्नास मीटरवरसुद्धा पोचत नाही.

या कामाला तरुण पोरं घ्या. शर्यतीत भाग घ्यायला बोट नसलेला मुलगा शर्यत सोडायला उत्तम, कारण तिथून त्याला सगळ्यांच्या चुका दिसतात. दोन हंगाम झेंडे चढवलेला मुलगा तिसऱ्या हंगामात सुकाणूवर बसला की इतरांना जड जातो.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे आणि तुम्हीही व्हा. डन लेअरीचं बंदर बांधलं गेलं तेच मरणांमुळे. नोव्हेंबर १८०७ च्या वादळात रॉचडेल आणि प्रिन्स ऑफ वेल्स ही दोन जहाजं याच किनाऱ्यावर फुटली, जवळपास चारशे माणसं गेली आणि मग १८१७ मध्ये बंदराचं काम सुरू झालं. १८९५ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी संकटातल्या एका जहाजाकडे निघालेल्या इथल्या लाइफबोटीवरचे पंधराच्या पंधरा स्वयंसेवक बुडाले. दरवर्षी २४ डिसेंबरला धक्क्यावर त्यांची आठवण होते, मी जातो.

करायचं काय, तर लाकडी फळीवर खिळे ठोका आणि प्रत्येक खिळ्याला नंबराचा बिल्ला टांगा. पाण्यात जाणाऱ्याने आपला बिल्ला घेऊन जायचा, परत आल्यावर स्वतःच्या हाताने टांगायचा. एका संध्याकाळी शेवटची बोट आली, फळीवर एक खिळा रिकामा. बिल्ला चौदा वर्षांच्या एका मुलीचा होता. आम्ही दोन बोटी परत पाण्यात घातल्या आणि अंधार पडेपर्यंत चाळीस मिनिटं शोधलं. ती घरी जेवत होती, बिल्ला जॅकेटच्या खिशात राहिला होता. कोणी तिला रागावलं नाही. पण पुढच्या शनिवारपासून नियम आला: बिल्ला टांगल्याशिवाय बोटीची गाडी वाळूवरून हलवायची नाही. तेव्हापासून एकही बिल्ला घरी गेलेला नाही.

रेस्क्यू बोटीवर कायम दोघं, एकटा कधीच नाही. दोरी कापायला सुरी हाताशी. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या पायाला किंवा मनगटाला बांधलेलीच. बोट उलटली तर आधी डोकी मोजायची. बोटीचं नंतर बघू. इथे एप्रिलमध्ये पाणी आठ-नऊ अंशांचं असतं, माणूस गारठून जातो. तुमच्याकडे ती भीती नाही, पण ऊन आहे. पिण्याच्या पाण्याशिवाय एकही बोट सोडू नका.

आमचं जसंच्या तसं उचलू नका, हेही सांगायला हवं. इथे जूनमध्ये रात्री दहाला सूर्य मावळतो, म्हणून कामावरून सुटल्यावर गुरुवारी सात वाजता शर्यत होते. डिसेंबरात तुमच्याकडे सहाला अंधारून येतं. तुम्हाला रविवारची दुपारच धरावी लागेल, आणि ते चांगलंच आहे. सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, तो नऊ-दहापर्यंत मरतो. दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरचा वारा भरतो. अडीचला शर्यत सोडली तर साडेपाचच्या आत शेवटची बोट वाळूवर येते. आमचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, तुमचा ऑक्टोबर ते मे. आमच्या शर्यती रंगात असतात तेव्हा तुमच्या बोटी शाकारलेल्या.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. इथे उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, मुंबई-रायगडकडे कधी कधी पाच मीटरच्या जवळ जातं. सपाट किनाऱ्यावर याचा अर्थ असा की दोन तास इकडेतिकडे झालं तर अर्धा किलोमीटर चिखल तुडवत बोट ओढावी लागेल. म्हणून हंगामाचं वेळापत्रक भरतीचं कोष्टक समोर ठेवूनच करा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा शर्यती, उधाणाच्या रविवारी वर्ग आणि डागडुजी, असं मी करीन.

आणि तिसरा, जो मी सगळ्यांत आधी मिटवीन. तुमच्या किनाऱ्यावर डोलजाळी, म्हणजे पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधलेली जाळी लागतात. बोटीच्या पोटातून खाली उतरणारी फळी त्यात अडकली तर तुमची शर्यत जाईल, पण कोळ्याचं जाळं फाटलं तर त्याचा दिवस जाईल, आणि मग क्लब गावात उभा राहणार नाही. कोळीवाड्यात जा. तांडेलांना, म्हणजे मासेमारीच्या होड्यांच्या म्होरक्यांना विचारा, कुठल्या महिन्यात कुठे खुंट असतात, ओहोटीची ओढ कुठे जास्त असते. ते जे सांगतील ते कुठल्याही नकाशात नाही. शर्यतीचं पाणी त्यांच्याशी बोलून ठरवा आणि त्यांच्यातल्या एकाला कमिटीवर घ्या, शोभेला नव्हे, पाणी कुठलं आणि केव्हा हे ठरवायला. त्यांची मुलं क्लबात फुकट शिकतील हे पहिल्या ठरावातच लिहा. नारळी पौर्णिमेला गावात होड्यांच्या शर्यती होत असतील तर त्यांना मदत करा.

पैशांबद्दल थोडक्यात. वर्गणी कमी ठेवा, पण सगळ्यांकडून घ्या. पहिला खर्च रेस्क्यू बोटीचं इंजिन, दुसरा लाइफ जॅकेट, तिसरा विमा. चषक आणि टी-शर्ट शेवटी. हिशेब दर महिन्याला सगळ्यांना दिसेल असा लावा. संस्थेची रीतसर नोंदणी करा, मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी जाऊन परवानगीचं विचारा आणि यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न व्हायचं बघा, म्हणजे मुलांना पुढच्या स्पर्धांची वाट मोकळी होईल.

भांडणं होतील. एक म्हणेल वारा माझ्या उजव्या अंगाने होता, मला वाट द्यायला हवी होती. दुसरा म्हणेल मी दिलीच. निवाडा त्याच संध्याकाळी करा, त्या घटनेत नसलेल्या तिघांकडून, दोघांनाही समोर बसवून. रात्र मध्ये गेली की भांडण घरी जातं आणि घरून परत येतं ते मोठं होऊन.

तुम्ही ऑक्टोबरचा पहिला भांगाचा रविवार धरा. दोन बोटी असल्या तरी शर्यत सोडा. खुणांसाठी वीस लिटरचे दोन भगवे कॅन पुरतील, खाली छोटा नांगर, दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट. गावाचं नाव आणि भरतीच्या वेळा मला कळवा, पहिल्या हंगामाचा तक्ता मी करून देतो. माझ्याकडे झेंड्यांचा एक जुना पण धड संच आहे, तो दिवाळीला येताना घेऊन येतो. तोपर्यंत वर सांगितलेले तीन झेंडे घरी शिवता येतील; मापं खाली विचारलीत तर लगेच देईन.